खांदेमळणी

एरवी आठवड्याला या साप्ताहिकात मला दीड पान मिळते. तेवढ्यात आपले सुखदुःख आटोपते घ्यावे लागते. दिवाळीत मात्र संपादक ऐसपैस पाट मांडतात आणि वर पत्रही धाडतात, ‘यंदा काहीतरी खुसखुशीत येऊ द्या.’ वाचकहो, खुसखुशीत पदार्थ तुमच्या ताटात यावेळी पुष्कळ असणार. म्हणून मी यंदा खांद्यावर लिहायचे ठरवले आहे.

आपल्या भाषेने खांद्यावर जेवढे ओझे टाकले आहे, तेवढे दुसऱ्या कुठल्या अवयवावर टाकले असेल असे मला वाटत नाही. आपण खांद्याला खांदा लावून लढतो, थोरल्या मुलाच्या खांद्यावर घर टाकून मोकळे होतो, मंत्रिमंडळात खांदेपालट करतो आणि अखेरीस चौघांच्या खांद्यावरून जातो. इतके करूनही दुखण्यांच्या दरबारात खांद्याला मान नाही. गुडघे दुखतात म्हटले की समोरचा माणूस खुर्ची देतो, कंबर म्हटली की तेलाचे नाव सांगतो. खांदा दुखतो म्हटले तर ‘झोपेत अवघडला असेल’ एवढ्यावर बोळवण होते.

खांद्याची खरी कदर केली ती आपल्या शेतकऱ्याने, आणि तीही बैलाच्या. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद आणि लोणी किंवा तेल चोळतात, त्याला खांदेमळणी म्हणतात. विदर्भात खांद शेकतात. काटेकोरपणे पाहिले तर ती जागा बैलाची मान असते, पण वर्षभर जिथे जू बसते तो खांदा, हे शेतकऱ्याचे शरीरशास्त्र मला पुस्तकातल्यापेक्षा अधिक पटते. ती जागा सुजली की तिला खांदेसूज म्हणतात, आणि खांदेसूज आलेला बैल जुंपायचा नसतो, हे कळायला कुणाला शाळेत जावे लागत नाही.

हे सगळे सुचायला कारण माझा पुतण्या. गेल्या वर्षी तो तेरा वर्षांचा होता. मध्यमगती गोलंदाजी करतो आणि सीमारेषेवरून असा चेंडू फेकतो की यष्टिरक्षकाला जागचे हलावे लागत नाही. गणपतीत आमच्याकडे झांजांचा मान त्याचा. गेल्या वर्षी दुसऱ्याच आरतीला त्याने झांज धाकट्या बहिणीच्या हातात दिली आणि टाळ्या वाजवू लागला, त्याही छातीच्या खाली. नंतर पाहिले तर हे चिरंजीव केस डाव्या हाताने विंचरत होते आणि फळीवरचा डबा काढायला स्टूल घेत होते. मी गच्चीवर नेऊन विचारले, तेव्हा म्हणाला, “काका, बाबांना सांगू नका. पंधरा दिवसांनी चौदा वर्षांखालच्या संघाची निवड आहे.”

मी अर्थातच सांगितले. मग घरात जे व्हायचे ते झाले. माझा धाकटा भाऊ म्हणाला, “चार षटकांचा तर प्रश्न आहे, दादा. मलम चोळू. निवड झाली की महिनाभर झोपू दे.” प्रशिक्षकांचा निरोप आला की दुखणे अंगावर काढल्याशिवाय गोलंदाज तयार होत नाही. वहिनी दोन्ही बाजूंनी बोलत होती, कारण तिला मुलाचा खांदाही हवा होता आणि त्याचा आनंदही. आमची आई माहेरची निफाडकडची, घरात तीन बैलजोड्या असलेली. तिने वाटाणे सोलता सोलता एवढेच विचारले, “बैलाला खांदेसूज आली तर आमचे अण्णा त्याला जुंपत नसत. पोराला कशाला जुंपता?”

दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टर बोलके निघाले. मी मराठी शिकवतो हे कळल्यावर त्यांनी आधी माझीच परीक्षा घेतली. “शाळेच्या पुस्तकात खांद्याच्या सांध्याला काय म्हणतात?” मी म्हणालो, “उखळीचा सांधा.” “ते नाव खुब्याला शोभते,” ते म्हणाले. “खुब्यात खरेच उखळ असते, मांडीच्या हाडाचा गोळा आत चांगला रुतून बसतो. खांद्यात उखळ कसले, चमचा आहे चमचा! तुम्ही लहानपणी लिंबू-चमचा खेळला असाल. तसे दंडाच्या हाडाचे लिंबू फऱ्याच्या चमच्यावर ठेवलेले असते.” गोळ्याचा जेमतेम तिसरा-चौथा हिस्सा एकावेळी त्या खोबणीला टेकलेला असतो. खोबणीच्या काठाला कूर्चेची एक कड असते, ती चमच्याला थोडी खोली देते. भोवती पिशवीसारखे आवरण असते, आणि चार छोटे स्नायू पुढून, वरून, मागून त्या लिंबाला धरून ठेवतात. शिवाय चमचाही पक्का बसवलेला नाही. फरा पाठीवर नुसता स्नायूंच्या आधाराने सरकत असतो. म्हणजे लिंबू हलते आणि चमचाही हलतो, आणि दोघांनी शर्यत जिंकायची असते.

एवढा डळमळीत सांधा निसर्गाने का केला असेल? याचे उत्तर मी घरी येऊन वाचले आणि माणूस म्हणून मला जरा अभिमान वाटला. चिंपांझी आपल्यापेक्षा कितीतरी बळकट, पण नेमका आणि वेगाने दगड फेकणे त्याला साधत नाही. आपल्याला साधते, कारण हात मागे नेला की खांद्याभोवतीच्या शिरा-स्नायूबंध ताणले जातात आणि ताणलेल्या धनुष्यासारखी शक्ती साठवतात. सोडला की ती सारी शक्ती एका झटक्यात मोकळी होते. नील रोच, डॅनियल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकात हे मांडले. असा फेकणारा खांदा पूर्ण रूपाला आला तो सुमारे वीस लाख वर्षांपूर्वी, असे त्यांचे म्हणणे. शिकार आली ती या खांद्यामुळे, असाही त्यांचा तर्क आहे. आपल्याकडे ज्वारीच्या माळ्यावर उभा राहून गोफण फिरवणारा पोरगा आणि शेजाऱ्याच्या कैऱ्यांवर नेम धरणारे आपण, सारे त्याच परंपरेतले. फरक इतकाच की आपल्या त्या पूर्वजाला दिवसातून शंभर हरणे मारायची नव्हती. शंभर वेळा तोच झटका देण्याची कल्पना खेळाची आहे, निसर्गाची नव्हे.

अमेरिकेत बेसबॉल हा खेळ आहे. त्यातला चेंडू टाकणारा, ज्याला पिचर म्हणतात, तो आपल्या गोलंदाजासारखा हात सरळ ठेवून टाकत नाही, तर कोपरात वाकवून डोक्यावरून फेकतो. (आपल्याकडे त्याला पंचाने पहिल्याच चेंडूवर ‘फेकी’ ठरवून घरी धाडला असता.) या मंडळींचे चित्रण करून शास्त्रज्ञांनी मोजमापे घेतली आहेत. अव्वल पिचरचा दंड खांद्यात फिरतो तो सेकंदाला सात हजार अंशांच्या वेगाने. माझे गणित कच्चे आहे, पण भागाकार करून पाहिला: हात त्याच वेगाने फिरत राहिला तर सेकंदात एकोणीस फेऱ्या होतील. माणसाच्या शरीरातल्या सर्वांत वेगवान हालचालींत हिची गणना होते. सुदैवाने ती सेकंदाच्या विसाव्या-तिसाव्या हिश्श्यात संपते.

मला थक्क केले ते पुढच्या गोष्टीने. माझी आपली समजूत अशी की इजा होते ती जोर लावताना. पण चेंडू सुटल्यावर हात थांबवावा लागतो. जोर काढून देणारे मोठमोठे स्नायू छातीचे आणि पाठीचे, आणि थांबवण्याचे काम मुख्यतः खांद्यामागच्या त्या चिमुकल्या स्नायूंवर. त्या क्षणी खांदा सांध्यातून बाहेर ओढला जातो तो जवळजवळ स्वतःच्या शरीराच्या वजनाएवढ्या ओढीने. जणू आपल्याच वजनाचा एक माणूस हाताला लोंबकळतो आहे आणि दर चेंडूला नव्याने लोंबकळतो आहे. मग ते स्नायुबंध चरचरतात, हात पूर्ण मागे गेला असता हाडाच्या कडेत चिमटतात, चमच्याची कड वरच्या बाजूला सोलवटून निघते, पुढचे आवरण सैल पडते. खेळाडू सांगतो की हात ‘मेला’. तो दुखतो असेही नाही, पण चेंडूत जीव राहत नाही.

‘हात मेला’ हे सांगणारावर विश्वास ठेवणे कठीण असते, कारण बाहेरून काही दिसत नाही. ह्यूस्टनचा जे. आर. रिचर्ड हा साडेसहा फुटांहून उंच, धिप्पाड पिचर. १९७९ साली त्याने एका मोसमात ३१३ फलंदाज नुसत्या चेंडूच्या जोरावर बाद केले. १९८० च्या उन्हाळ्यात तो सांगू लागला की हात मेल्यासारखा वाटतो. कुणी म्हणाले आळशी आहे, कुणी म्हणाले नाटके करतो, वर्तमानपत्रांनीही त्यात हात धुऊन घेतले. ३० जुलैला सराव करताना तो मैदानावर कोसळला. हाताकडे जाणारी रक्तवाहिनी गुठळीने तुंबली होती आणि त्यातून त्याला पक्षाघात झाला. तो वाचला, पण वरच्या दर्जाच्या सामन्यात पुन्हा कधी उतरला नाही. पुढे एक काळ असा आला की ह्यूस्टनमध्येच एका पुलाखाली त्याला राहावे लागले. २०२१ साली तो वारला. हे वाचल्यापासून वर्गात कुणी ‘सर, बरे वाटत नाही’ म्हणाला की मी आधी त्याला बसायला सांगतो, चौकशी मागाहून.

दुसरी कथा दोघांची आहे. लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघात डॉन ड्रायस्डेल नावाचा पिचर होता. १९६८ साली त्याने लागोपाठ अठ्ठावन्नाहून अधिक डाव प्रतिपक्षाला एकही धाव करू दिली नाही. पुढच्याच वर्षी त्याचा खांदा फाटला. तेव्हा त्यावर इलाज नव्हता. तेहेतिसाव्या वर्षी त्याने खेळ सोडला आणि सामन्यांचे धावते वर्णन सांगू लागला. वीस वर्षांनी, १९८८ साली, त्याच संघातल्या ओरेल हर्शायझरने एकोणसाठ डाव बिनधावेचे टाकून तो विक्रम मोडला. वर्णन सांगायला त्या दिवशी ड्रायस्डेल स्वतः हजर होता आणि अभिनंदन करायला लगेच खाली गेला. आणि पाहा, दीड वर्षात हर्शायझरचाही खांदा गेला. पण आता मधे वीस वर्षे गेली होती. संघाचे डॉक्टर फ्रँक जोब यांनी १९९० च्या एप्रिलमध्ये त्याच्या खांद्याचे सैल पडलेले आवरण आखडून पुन्हा नीट बसवले. वरच्या दर्जाच्या पिचरवर अशी शस्त्रक्रिया पूर्वी झालेली नव्हती. तेरा महिने तो माणूस बाहेर होता. परत आला आणि २००० सालापर्यंत टाकत राहिला. खांदा जाण्यापूर्वी त्याने ९९ सामने जिंकले होते, नंतर १०५ जिंकले.

ही गोष्ट मी भावाला सांगितली आणि तो एकदम खुलला. “म्हणजे ऑपरेशनने होते की!” मला ती गोष्ट तिथेच आवरती घ्यावी लागली. कारण कोपराच्या शस्त्रक्रियेतून पिचर जसे परततात, तसे खांद्याच्या शस्त्रक्रियेतून परतत नाहीत. हर्शायझर अपवादांपैकी आहे. आपल्याकडे अनिल कुंबळेही. २००१ साली खांद्याच्या शस्त्रक्रियेमुळे ऑस्ट्रेलियाविरुद्धची ती कलकत्त्याची कसोटी गाजवणारी सबंध मालिका त्याला घरी बसून पाहावी लागली. नंतर परत येऊन त्याने कसोटी बळींची संख्या ६१९ वर नेली. पण हे दोघे आपल्याला माहीत आहेत ते परतले म्हणून. जे परतले नाहीत त्यांची नावे मला कुठून सांगता येणार?

त्यात आणखी एक घोळ आहे. अमेरिकेतले नामांकित शल्यविशारद जेम्स अँड्र्यूज यांनी एकदा ३१ पिचरांच्या खांद्यांची एम.आर.आय. तपासणी करवली. सारे धडधाकट, कुणाचीही तक्रार नव्हती. तरी शंभरात नव्वदांच्या कूर्चेत बिघाड दिसला आणि जवळजवळ तितक्यांच्याच स्नायुबंधांत. म्हणजे चित्रात फाटलेले दिसले म्हणून शिवायला धावू नये. फेकणाऱ्याचा खांदा जन्मभर थोडा फाटकाच असतो. लहानपणापासून फेकणाऱ्यांचे तर दंडाचे हाडसुद्धा वाढताना दुसऱ्या हाताहून वेगळे पिळलेले राहते, त्यामुळे तो हात अधिक मागे जातो आणि आत कमी वळतो. आपण हातावळणी अक्षर म्हणतो, तसे हे हाडावळणी!

पण तेरा वर्षांच्या मुलाचे दुखणे निराळेच असते. डॉक्टरांनी क्ष-किरण चित्र उजेडासमोर धरले, दोन्ही खांद्यांचे शेजारी शेजारी. दंडाच्या वरच्या टोकाजवळ हाड वाढण्याची एक पट्टी असते. दंडाची शंभरातली ऐंशी हिस्से लांबी या वरच्या पट्टीतून मिळते. ती साधारण सोळा-अठराव्या वर्षापर्यंत उघडी असते आणि भोवतालच्या हाडापेक्षा, स्नायुबंधांपेक्षाही कच्ची. मोठ्या माणसाचा स्नायुबंध फाटेल तिथे मुलाची ही पट्टी पिळवटून रुंदावते. डाव्या खांद्यात ती पेन्सिलीच्या रेघेसारखी होती, उजव्यात शाई फुटल्यासारखी. अमेरिकेत या दुखण्याला तिथल्या बालसंघांच्या नावावरून ‘लिट्ल लीग शोल्डर’ म्हणतात. नाव बेसबॉलचे, पण दुखणे क्रिकेटच्या पोरांनाही होते.

“इलाज?” भावाने विचारले.

“तीन महिने फेकायचे नाही.”

“आणि निवड?”

डॉक्टरांनी चित्र पाकिटात घातले. “निवड समितीचे मला माहीत नाही. ही पट्टी वेळ मागते आहे, तो द्यायचा की नाही एवढेच मी सांगू शकतो. दिला तर बहुतेक मुले पूर्ण बरी होतात.”

पुतण्या भिंतीवरच्या सांगाड्याकडे पाहत होता. रडला नाही. रिक्षात बसल्यावर मात्र चित्राचे पाकीट त्याने आईकडे दिले नाही, मांडीवर धरून ठेवले.

डॉक्टरांनी त्याला विचारले होते, “आठवड्याला किती टाकतोस?” तो म्हणाला, “शाळेत दहा षटके.” मग आठवून म्हणाला, संध्याकाळी क्लबात आठ-दहा, रविवारी सोसायटीच्या सामन्यात चार. “आणि क्षेत्ररक्षणाच्या सरावात फेकतोस ते?” ते कुणीच मोजत नव्हते. शाळेचे गुरुजी शाळेपुरते मोजत होते, क्लबाचे क्लबापुरते, आणि दोघेही आपापल्या हिशेबात निर्दोष होते. खांदा तिन्ही ठिकाणी एकच जात होता. अमेरिकेतही हीच गंमत झालेली आहे. तिथल्या लिट्ल लीगने २००७ सालापासून दिवसाच्या चेंडूंवर मर्यादा घातली: अकरा-बारा वर्षांच्या मुलाला ८५, तेरा ते सोळा वर्षांच्यांना ९५. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाने एका दिवसात ६६ किंवा अधिक चेंडू टाकले तर मधे चार दिवस सुट्टी. नियम उत्तम, पण मुलगा दोन-दोन संघांतून खेळला की बेरीज कोण करणार?

ज्यांच्यावर खांद्याची किंवा कोपराची शस्त्रक्रिया करावी लागली असे ९५ तरुण पिचर आणि इजा न झालेले ४५, यांची तुलना तिथल्या संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केली. वर्षाचे आठ महिन्यांहून अधिक खेळणाऱ्यांत शस्त्रक्रियेचा संभव पाचपट आढळला. हात थकलेला असतानाही नेहमी टाकत राहणाऱ्यांत छत्तीसपट! हा आकडा मी आईला वाचून दाखवला. तिला नवल वाटले नाही. “बैल थकला की मान खाली घालतो,” ती म्हणाली. “पोरे घालत नाहीत.”

तीन महिने तो खेळला नाही. निवड झाली, दुसऱ्या मुलांची. आता तो चौदा पुरे करून त्या वयोगटातून बाहेर पडला आहे, तेव्हा ती संधी गेली ती गेलीच. प्रशिक्षकांनी काही दिवस अबोला धरला. क्लबाच्या सामन्यांत तो गुणफलकाजवळ बसून धावा लिहीत असे. महिन्याभराने व्यायाम सुरू झाले, तेही मला अपेक्षित नव्हते असे. खांद्याला रबरी पट्टा लावून कोपर कुशीत धरून हात बाहेर फिरवायचा हे ठीक, पण निम्मे व्यायाम पायांचे आणि कमरेचे! फेकीतली अर्ध्याहून अधिक शक्ती जमिनीतून पायांवाटे वर येते. पाय आळशी असले की ती उधारी खांदा फेडतो. एका पायावर उभे राहून आमच्या दिवाणखान्यात तो बगळ्यासारखा तपश्चर्या करी आणि धाकटी बहीण त्याला ढकलून पाही.

जानेवारीत त्याने पहिला चेंडू फेकला, दहा पावलांवरून, अगदी हलका. त्या दिवसापासून आईने वही घातली आहे. किराण्याची लांबट वही, तिच्यात तारीख, शाळा, क्लब, सोसायटी, नुसती फेक आणि शेवटी बेरीज. माझ्या भावाने मधे एकदा ‘आजच्या दिवस सोड’ म्हणून पाहिले, तेव्हा त्याला वहीतली मागची पाने दाखवण्यात आली. क्लबातल्या आणखी दोन मुलांच्या आयांनी तसल्या वह्या केल्या आहेत असे ऐकतो. प्रशिक्षक आता बोलतात. षटके संपली की ‘आजीला कळव’ एवढेच बोलतात, पण बोलतात.

वहीत एक रकाना ‘शेरा’ असा आहे. बरेच महिने तो कोराच होता, कारण विचारले की चिरंजीवांचे उत्तर ठरलेले, “काही नाही.” परवा आई देवळात गेली होती. वही उघडी होती म्हणून मी डोकावलो. त्या दिवशीची बेरीज त्यानेच मांडली होती, आणि शेऱ्यात त्याच्या गिचमिड अक्षरात लिहिले होते: ‘हात थकला. क्लबात दोन षटके टाकली नाहीत. सरांना सांगितले.’